साहस, श्रद्धा, सहकुटुंब

‘अमुक पुस्तक वाचलंत का?’ असं विचारणारा माणूस परवडतो. ‘अजून वाचलं नाहीत?’ असं विचारणारा परवडत नाही. पहिल्याला ‘नाही’ म्हणून सुटता येतं. दुसरा आधी आरोप ठेवतो, मग पुस्तक हातात ठेवतो आणि परत कधी नेणार ती तारीख सांगून जातो. प्रत्येक वाचनालयात असा एक असतोच. आमच्या वाट्याला आले ते कंट्रोलरकाका.

काका मूळचे नगरचे, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती आणि हाडाचे एस.टी.वाले. कंडक्टर म्हणून लागले, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी बॅज, शिट्टी वगैरे सगळं खात्यात जमा केलं. स्टँडवरचा आवाज तेवढा घरी घेऊन आले. त्याच आवाजात ते पुस्तकं पुकारतात. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब! लेखक सी. एस. लुईस! सुटण्याची वेळ 1950! साहस, श्रद्धा, सहकुटुंब मार्गे!’

या ‘मार्गे’नंच आमचा जीव खाल्ला. नातीच्या शाळेतल्या पुस्तक प्रदर्शनात काकांना हे नार्निया सापडलं. कपड्यांच्या कपाटातून चार भावंडं नार्निया नावाच्या बर्फाळ देशात उतरतात. तिथं जंगलात दिव्याचा खांब, बोलणारी जनावरं आणि एक चेटकीण. झालं साहस. पोराच्या अपराधापायी सिंह स्वतःचा जीव देतो आणि पुन्हा उठून उभा राहतो. झाली श्रद्धा. चौघं भावंडं मिळून गेली, म्हणजे सहकुटुंब. एका तिकिटात तीन गावं! त्या दिवशी काकांनी निकाल देऊन टाकला, की जगातलं प्रत्येक चांगलं पुस्तक या तिन्ही गावांवरून जातंच. तसं दिसलं नाही तर वाचणाऱ्याला डुलकी लागली होती.

‘पण काका, आईबाप कुठं आहेत यात? युद्ध चालू आहे म्हणून मुलांना लंडनबाहेर धाडलंय.’

‘अहो, आईबाप नाहीत म्हणूनच सहल झाली!’

‘द हॉबिट’च्या वेळी मी तयारीनं गेलो. नायक बिल्बो सडाफटिंग, त्याचं कसलं सहकुटुंब? काका म्हणाले, ‘बरोबर तेरा बुटके आहेत. त्यांत सख्खे भाऊ आहेत, मामा-भाचे आहेत. आणखी काय वऱ्हाड पाहिजे?’ श्रद्धेचं काय, म्हटलं. तर लेखक टोल्किन पक्के कॅथलिक आणि लुईसना देवाकडे वळवण्यात त्यांचाच हात. ‘पण त्याच टोल्किनना नार्निया आवडलं नव्हतं,’ मी हुकमाचं पान टाकलं. काका शांतपणे म्हणाले, ‘भावकीत असं चालायचंच.’

ते खरे अडकले एकदाच, जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’पाशी. पुस्तक 1678 चं. हरि केशवजींनी 1841 मध्येच ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलेलं. राक्षस आहेत, दलदल आहे, नायकाचं नावच ख्रिश्चन आहे. पण बायकापोरं मागून हाका मारतायत आणि हा गडी कानांत बोटं घालून एकटाच स्वर्गाच्या दिशेनं पळतोय! आता कुठलं सहकुटुंब? काका कधी नव्हे ते गप्प झाले. वाचनालयाच्या कट्ट्यावर दोन दिवस विलक्षण शांतता नांदली. तिसऱ्या दिवशी लांबूनच आरोळी आली: ‘1684! दुसरा भाग! बायको आणि चार पोरं त्याच रस्त्यानं निघाली! बनियनला चूक कळली, जादा गाडी सोडली!’

मग आम्हीही पेटलो. कुणी लग्नपत्रिका आणली. काकांनी चष्मा वर केला. ‘साहस तर उघडच आहे. श्रद्धा, म्हणजे कुलदैवताची कृपा, वरच छापलीय. आणि हे काय लिहिलंय? सहकुटुंब सहपरिवार!’ कुणी इन्कमटॅक्सचा फॉर्म आणला. भरणं हे साहस, रिफंड येईल ही श्रद्धा, अवलंबितांची माहिती म्हणजे सहकुटुंब. शेवटी एका खवचट माणसानं रेल्वेचं वेळापत्रक पुढं केलं. ते मात्र काकांनी दोन बोटांनी बाजूला सारलं. ‘हे चांगलं पुस्तक नाही,’ म्हणाले. एस.टी.चा माणूस शेवटी!

त्यांच्याकडून आणलेलं पुस्तक लगेच ओळखू येतं. वर खाकी कागदाचं कव्हर, आत जुनी पंच केलेली एस.टी.ची तिकिटं खुणेसाठी. तिकिटाच्या पाठीवर बारीक पेन्सिलीनं सूचना: ‘इथे टप्पा संपला. चहा घ्या.’ ‘घाट सुरू. सावकाश.’ ‘या प्रकरणात झोप लागेल, पण उतरू नका.’ मी एकदा घाटातच पुस्तक मिटून परत केलं, तर त्यांनी तिकीट कुठल्या पानात आहे ते पाहिलं आणि म्हणाले, ‘मधेच उतरलात.’

मराठी पुस्तकांपाशी आले की त्यांचा आवाज आणखी एक पट्टी चढतो. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’, 1616, राचोलचं छापील, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. इंग्रज माणूस 1579 मध्ये लिस्बनहून जहाजानं गोव्याला येतो काय, आणि मराठीचं कौतुक करत पुराण रचतो काय! ‘सहकुटुंब?’ मी सवयीनं विचारलं. ‘गोव्याला पोचल्यावर बापाला पत्र लिहिलंय प्रवासाचं. मुलगा पोचल्याचं कळवतो, अजून काय पाहिजे?’ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल तर विचारायची सोयच नाही. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. ‘नवरा आधीच्या गाडीनं गेला, बायको पाच वर्षांनी आली. सहकुटुंब प्रवासात चुकामूक धरूनच चालायचं.’

या ‘सहकुटुंब’चा उलगडा काकूंनी केला, तोही पोहे परतता परतता. ‘सहकुटुंब म्हणे! घरच्यांसाठी फुकट पास मिळायचा. दरवर्षी मी पिशवी भरायची आणि दरवर्षी यांची रजा नामंजूर. दिवाळी आली, जादा गाड्या. आषाढी आली, जादा गाड्या. मे महिना आला, जादा गाड्या. अख्ख्या जिल्ह्याची बायकापोरं यांनी गाडीत बसवून दिली. आमचा पास घडीसुद्धा न मोडता संपायचा.’ काका तेव्हा खिडकीजवळ पुस्तकाला कव्हर घालत होते. त्यांनी कागदाची घडी नखानं दाबून बसवली आणि म्हणाले, ‘पोह्यांत मीठ कमी आहे.’ पोहे अजून कढईत होते.

तेव्हापासून मी त्यांना अडवणं कमी केलंय. आवडायला लागलेत असं नाही. पण नगरची गाडी पकडताना चौकशीच्या खिडकीतला माणूस आता मी जरा नीट बघतो.

आणि एका बाबतीत काकांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. आमच्या वाचनालयात पेपरच्या स्टँडमागं एक कपाट आहे. त्यावर चिठ्ठी: ‘ख्रिस्ती वाङ्मय’. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ त्यात. कादंबरीच्या कपाटात का नाही? ‘धर्माचं आहे ना ते,’ ग्रंथपालबाई म्हणाल्या. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव हिंडतात, विधवांचे हाल बघतात. मग विनायकच जातो आणि जे दुसऱ्यांचं पाहिलं ते यमुनेच्या वाट्याला येतं. नवरा-बायकोचा प्रवास आहे, श्रद्धा आहे, आणि 1857 मध्ये हे लिहून छापायचं यापेक्षा मोठं साहस कुठलं? पण आपल्याकडे माणसाप्रमाणे पुस्तकाचीही आधी जात बघतात, मग कपाट ठरतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता, तरी 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाल्यावर काहींना पहिला प्रश्न पडला तो त्यांच्या झग्याचा. त्या दिवशी कट्ट्यावर काकांनी एकही पुस्तक पुकारलं नाही.

त्यांनी निषेधाचं पत्र वगैरे काही लिहिलं नाही. ‘यमुनापर्यटन’च्या तीन प्रती मिळवून वाचनालयाला भेट दिल्या, अट एकच: एक कादंबरीत, एक धर्मात, एक प्रवासवर्णनात. बाई वैतागल्या, पण फुकट पुस्तकाला वाचनालय नाही म्हणत नाही. प्रवासवर्णनातली प्रत लगेच गेली आणि लगेच परत आली. ‘राहायच्या सोयीची काहीच माहिती नाही,’ अशी वाचकाची तक्रार होती.

परवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा कादंबरीच्या कपाटाशी उभा होता. काकांनी त्याला गाठलंच. ‘यमुनापर्यटन?’

‘बाबा पदमनजी, 1857, मराठीतली पहिली कादंबरी,’ पोरानं श्वास न घेता सांगितलं.

‘शाब्बास. यमुनेचं पुढं काय होतं?’

पोरगं गप्प. उभ्या महाराष्ट्राला हे पुस्तक एका गुणापुरतं पाठ आहे. काकांनी प्रत त्याच्या हातात ठेवली. तिकीट पहिल्याच पानात होतं.

‘हे सगळं परीक्षेला येतं का?’ त्यानं जाडी चाचपत विचारलं.

काका सरळमार्गी माणूस. रविवारी चर्च चुकवत नाहीत, सुट्टे पैसे जास्त आले तर परत करायला जातात. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि दोन तास उशीर झालेल्या गाडीबद्दल विचारणाऱ्या प्रवाशाला ज्या चेहऱ्यानं सांगायचे, त्याच निर्विकार चेहऱ्यानं सांगितलं:

‘येतं. बसा.’