मैलामागे अडीच डॉलर : एक खुलासा

तीर्थरूप दादा व सौ. आई यांचे चरणी इंडियानापोलिसहून चिरंजीव व सूनबाई यांचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दादांच्या पत्रातील मुद्दा असा, की आमच्या ट्रकला मायामीच्या एका फेरीस 3,000 डॉलर भाडे मिळत असेल आणि डॉलरचा भाव वर्तमानपत्रात रोज छापून येत असेल, तर सांगलीच्या घराच्या छपरास एवढा विलंब का व्हावा. सदर गुणाकार अचूक आहे. परंतु त्यात भाडे, मिळकत आणि हाती पडलेली रोकड या तीन भिन्न गोष्टी एकच धरल्या गेल्या असल्याने खुलासा क्रमप्राप्त ठरतो.

स्वतःच्या ट्रकवर स्वतःच राबणारा वाहतूकदार, ज्यास येथे ओनर-ऑपरेटर म्हणतात, आपला माल बहुधा लोडबोर्डवर, म्हणजे उपलब्ध मालाची यादी दाखवणाऱ्या संगणकीय बाजारात शोधतो, आणि तेथे त्याची गाठ ब्रोकरशी, म्हणजे हुंडेकऱ्याच्या अमेरिकन अवताराशी पडते. ब्रोकर मालधन्याकडून किती घेतो हे पाहण्याचा हक्क संघीय नियमांनी वाहतूकदारास दिला आहे. मात्र तो हक्क सोडून दिल्याचे कलम करारात बहुधा अगोदरच छापलेले असते, यावरून येथील छपाईच्या तत्परतेची कल्पना यावी.

इंडियानापोलिस ते मायामी हे अंतर सुमारे 1,200 मैल असल्याने वरील भाडे मैलामागे अडीच डॉलर पडते, आणि हाच आकडा दादांनी समस्त नातेवाइकांना कळवलेला दिसतो. वास्तविक फ्लोरिडात माल जातो भरपूर, पण वसंतातील भाजीपाल्याचा हंगाम वगळता तेथून निघतो थोडा. त्यामुळे जातानाचे भाडे चढे असते ते परतीच्या दुर्दशेची आगाऊ भरपाई म्हणूनच. परतताना 150 मैल रिकामे जाऊन, ज्यास डेडहेड म्हणतात, 1,500 डॉलरचे भाडे मिळाले असे धरल्यास 2,550 मैलांना 4,500 डॉलर, म्हणजे मैलामागे 1.76 डॉलर पडतात. खर्चाच्या बाजूस पाहता, गॅलनला साडेसहा मैल चालणारा ट्रक चार डॉलर भावाने मैलाला 62 सेंटचे डिझेल पितो; ट्रकचा हप्ता व विमा मिळून महिना 4,000 डॉलर आणि धाव 8,000 मैल धरली तर आणखी 50 सेंट; टायर व दुरुस्तीचे 20; चालकाच्या मजुरीचे 60. बेरीज 1.92 होते. म्हणजे ज्या फेरीचे पेढे सांगलीत वाटले गेले, ती मैलामागे 16 सेंट तोट्यात गेली.

भाड्यात न दिसणारा दुसरा खर्च वेळेचा. चालकाने दिवसाचे काम सुरू केले की 14 तासांचे घड्याळ चालू होते आणि त्यातील 11 तासच गाडी हाकता येते. गोदामाच्या दारात पाच तास खोळंबा झाला तरी ते घड्याळ सहसा थांबत नाही. पहिले दोन तास फुकट गेल्यावर डिटेन्शन, म्हणजे खोटीचे पैसे मागता येतात, परंतु त्यासाठी येण्या-जाण्याची वेळ बिल्टीवर गोदामवाल्याकडून लिहून घ्यावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो गृहस्थ जेवायला गेलेला असतो.

रोकडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे भाड्याचा मोठा हिस्सा उचल म्हणून आधीच मिळतो व बाकी पोच दाखवल्यावर. येथे मात्र पोच पाठवल्यावरही ब्रोकरचे पैसे साधारण 30 दिवसांनी येतात, तर डिझेल पंपावरच रोख मागते. हे अंतर बुजवण्यासाठी फॅक्टरिंग नावाची सोय आहे, तीत एखादी वित्तसंस्था बिल विकत घेऊन शेकडा तीनच्या आसपास कापून बाकी रक्कम एक-दोन दिवसांत देते, हुंडी वटवावी तशी. सूनबाईंच्या मते हा उपाय अडचणीपुरता ठीक, पण प्रत्येक बिलास लावल्यास 3,000 च्या भाड्यातून 90 डॉलर जातात आणि ते ब्रोकरकडून कधीच वसूल होत नाहीत. म्हणून त्यांनी एका महिन्याच्या डिझेल-हप्त्याइतकी रक्कम स्वतंत्र खात्यात बांधून ठेवली असून त्या खात्याचा परवलीचा शब्द ट्रकमालकास सांगितलेला नाही. आयकराची आगाऊ रक्कम एप्रिल, जून, सप्टेंबर व जानेवारीत भरावी लागते आणि राज्याराज्यांत धावलेल्या मैलांनुसार इंधनकराचा हिशेब दर तिमाहीस द्यावा लागतो, तोही त्याच करतात. ट्रकमालक केवळ सही करतो.

सबब छपराचे काम दिवाळीनंतर घ्यावे. पत्रे मात्र आत्ताच सांगून ठेवावेत.

ता. क. ट्रकवर ड्रायव्हर ठेवला आहे काय आणि त्यास पगार वेळेवर मिळतो काय, अशी विचारणा सौ. आईंनी केली आहे. ड्रायव्हर आहे. त्याचा गेल्या महिन्याचा पगार मालकाकडे थकला आहे. परंतु दोघेही एकाच ताटात जेवत असल्याने तक्रार अद्याप घराबाहेर गेलेली नाही.