हप्ते बंद करा म्हणणारा समुपदेशक नव्हे

कर्जात रुतलेल्या माणसाला आज सगळ्यात आधी गाठतो तो वसुलीवाला, आणि त्याच्या मागोमाग ‘कर्जमुक्त करून देतो’ म्हणणारा दलाल. दलालाचा सल्ला ठरलेला. कार्डाचे, पर्सनल लोनचे हप्ते बंद करा, आमची फी भरत राहा, खातं पुरतं थकलं की बँक निम्म्यावर तडजोड करेल. करेलच याची हमी कोणी द्यायची? तोवर व्याज आणि दंड चढतच राहतो, नोटिसा येतात. तडजोड झालीच, तर सिबिलच्या अहवालात त्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि गृहकर्ज मागायला गेल्यावर तोच आडवा येतो. बुडणाऱ्याकडून पैसे घेऊन त्याला आणखी खोल पाण्यात नेणाऱ्या या धंद्याला समुपदेशन म्हणू नये.

खरं समुपदेशन कंटाळवाणं असतं. सगळी देणी एका कागदावर मांडायची: कार्ड, सोनेतारण, पतसंस्था, मोबाइल ॲपवरून उचललेले, मेहुण्याकडून उसने घेतलेले. प्रत्येकापुढे व्याजाचा दर. मग किराणा, भाडं, शाळेची फी. उरतं किती, ते आधी कुणाला द्यायचं, आणि कुठल्या बँकेकडे मुदत वाढवून मागायची, हे ठरवायचं. अर्ज लिहायलाही मदत करायची.

या कागदाची ताकद पाहा. कार्डावर एक लाख थकले आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि गृहस्थ दरमहा ‘मिनिमम ड्यू’ म्हणून पाच हजार भरतो आहे असं धरू. त्यातले ३,५०० व्याजात जातात, व्याजावरच्या १८ टक्के जीएसटीत ६३० जातात. मुद्दल फिटते ८७० रुपये. तेच एक लाख १६ टक्के वार्षिक दराच्या वैयक्तिक कर्जात वळवले, तर सुमारे ३,५१६ रुपयांच्या हप्त्यात तीन वर्षांत सगळं फिटतं. म्हणजे आज भरतोय त्याहून कमी भरून! फक्त हे कर्ज पत शाबूत असताना मिळतं. हप्ते चुकवून सहा महिन्यांनी गेलात तर दार बंद. म्हणून सल्ला पहिला हप्ता चुकण्याआधी हवा. माणूस मात्र बायकोपासूनही कर्ज लपवतो आणि सगळं फिस्कटल्यावर तोंड उघडतो. ही लाज फार महाग पडते.

आपल्याकडे अशा समुपदेशनाची सुरुवात झाली होती, तीही मुंबईत. बँक ऑफ इंडियाने २००६ साली, आपल्या शताब्दीच्या वर्षात, ‘अभय’ नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र काढलं. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची आदर्श योजनाच आणली. सल्ला मोफत, आणि केंद्र शक्यतो बँकेच्या आवाराबाहेर, बँकेपासून अंतर राखून. नेमकं हेच हवं होतं. पण २०१२ मध्ये या केंद्रांची फेररचना झाली आणि भर गेला वित्तीय साक्षरतेवर, गावोगावच्या शिबिरांवर. शिबिरं हवीतच. पण बचतीचं महत्त्व सांगणारं शिबिर चार कार्डांच्या चक्रात अडकलेल्या नोकरदाराच्या काय कामाचं? आज त्याला अग्रणी जिल्हा बँकेचं साक्षरता केंद्र कुठे आहे हेही माहीत नसतं. दलालाची जाहिरात मात्र रोज त्याच्या मोबाइलवर येते.

ब्रिटनमध्ये ‘स्टेपचेंज’ ही धर्मादाय संस्था १९९३ पासून हे काम करते. कर्जदाराला सल्ला फुकट, आणि खर्चाचा मोठा वाटा कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून. इथेही हे जमण्यासारखं आहे. वसुलीच्या फोनला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी वेळ बांधून देणारी रिझर्व्ह बँक एवढं नक्कीच करू शकते. ‘फक्त किमान रक्कम भरलीत तर फेड वर्षानुवर्षं लांबेल’ हा इशारा कार्डाच्या बिलावर छापणं तिने सक्तीचं केलेलंच आहे. त्या ओळीखाली मोफत समुपदेशन केंद्राचा फोन नंबरही सक्तीने छापायला लावावा. खर्च बँकांनी वाटून घ्यावा, नेमणुका मात्र त्यांच्या हाती नकोत. त्या खुर्चीत वसुली खात्याचा माणूस बसता कामा नये.