मालिकेच्या फॅनग्रुपात नव्याने आलात?

अभिनंदन. साडेआठची मालिका 'आई लावते म्हणून नजर जाते' इतपतच बघणारे तुम्ही, अखेर तिच्या फॅनग्रुपात दाखल झालात. आल्या आल्या काही लिहू नका. आठवडाभर नुसतं वाचा.

इथे मालिकेचं कौतुक फारसं कुणी करत नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. लेखक पाणी घालतोय, ट्रॅक भरकटलाय, नायिकेला अक्कल कधी येणार, प्रोमोत दाखवलेली थोबाडीत शेवटी स्वप्नच निघाली, हा इथला नित्यपाठ. तो वाचून 'मग बघता कशाला?' असं विचारावंसं वाटेल. तो प्रश्न गिळा. त्याला इथे क्षमा नाही. एवढ्या तपशिलात शिव्या घालायच्या तर एकही भाग चुकवून चालत नाही. काकूंनी तो हक्क वर्षानुवर्षं बघून कमावलेला असतो. तीच शिवी तुम्ही पहिल्या दिवशी घातलीत, तर समोरच्या चॅनेलचे हेर ठराल.

आता थोडी परिभाषा. 'लीप' म्हणजे शनिवारी पाळण्यात असलेलं बाळ सोमवारी दप्तर घेऊन शाळेला निघणं. आई मात्र तशीच राहते, फार तर चष्मा लागतो. काळ उलट गोठतोही. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं, की मालिका न बघणारेही त्यावर विनोद करू लागले. जुन्याजाणत्यांनी 'जान्हवी' एवढंच लिहिलं, की तुम्ही हसणारा चेहरा टाकायचा. खुलासा मागायचा नाही.

'रिप्लेसमेंट'चं प्रकरण नाजूक. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली, मग पुन्हा रसिका सुनील. मालिकेतल्या एकाही माणसाला काही वेगळं वाटलं नाही. प्रेक्षकांना वाटतं. 'जुनीच बरी होती' म्हणायला साधारण पंधरवड्याची मुभा असते, त्यानंतर ते अशिष्ट. जुनी परत आली की मात्र 'नवीन बरी होती' म्हणणारे निघतातच. त्यांच्या नादी लागू नका.

नायक-नायिकेची नावं चिकटवून जोडीचं एक नाव करायचीही रीत आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या 'इस प्यार को क्या नाम दूँ'मधल्या अर्णव-खुशीला चाहते आजही 'अर्ही' म्हणतात. मराठीत हा प्रयोग जपून करा. सगळीच नावं चांगली चिकटत नाहीत.

'स्पॉयलर'वरून सर्वांत जास्त भांडणं होतात. काही ॲपांवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधी दिसतो. शिवाय आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा असतात, आणि तिथली ताई मीटिंगमध्ये असते. तेव्हा आधी 'ज्यांनी पाहिला नाही त्यांनी वाचू नये' असं लिहावं, खाली बरीच जागा सोडावी, मग काय ते फोडावं. ताई वाचतेच. वाचून रागावतेही.

खलनायिकेला हवं ते बोला, पण ती भूमिका करणाऱ्या बाईंच्या फोटोखाली जाऊन नको. हे मात्र गमतीत सांगत नाही.

गुरुवारी जपून वागा. त्या दिवशी बार्कचे टीआरपीचे आकडे येतात. आपली मालिका वर असली, तर 'महाराष्ट्राला अजून चांगल्या-वाइटाची पारख आहे.' घसरली, तर 'तो मीटर आहे तरी कुणाच्या घरी? आमच्याकडे तर कुणी आलं नाही!' दोन्ही वेळा होकार द्या. आणि आकड्यांपेक्षाही स्लॉटला घाबरा. 'आई कुठे काय करते!' 2024 मध्ये संध्याकाळवरून दुपारी अडीचला गेली आणि त्याच वर्षी संपली. स्लॉट हलल्याची बातमी आली, की ग्रुपवर सांत्वनाचा सूर लावावा. 'तरी मी म्हणतच होतो' हे वाक्य ॲडमिनसाठी राखीव.

शेवटच्या भागाला, वर्षभर 'बंद करा एकदाची' म्हणणारे सगळ्यात जास्त रडतील. त्यांना त्याची आठवण करून देऊ नका. त्याच रात्री, या वेळेला येणारी नवी मालिका आपण मुळीच बघणार नाही, अशी सामुदायिक शपथ होते. तुम्हीही घ्या. नवी मालिका सोमवारी सुरू होते. मंगळवारी सकाळी 'नायिका जरा ओव्हरॲक्टिंग करते ना?' असा पहिला मेसेज येईल. तो तुम्ही टाकू नका, अजून नवे आहात.