नावं ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (नवशिक्यांसाठी)

जिलबी कालची होती, मठ्ठ्यात मीठ कमी होतं आणि गुरुजींनी मंगलाष्टकं उगाच ताणली. एवढं कळायला मराठी माणसाला शिकवणी लावावी लागत नाही. नावं ठेवणं त्याला उपजत येतं. येत नाही ते एवढंच, की ती कुठे आणि कोणासमोर ठेवावीत. आजवर ती हात धुताना, पार्किंगमध्ये किंवा परतीच्या रिक्षात ठेवली गेली. यजमानाच्या कानावर काही गेलं नाही आणि पुढच्या लग्नातही जिलबी कालचीच राहिली.

जिलबीवरून पुढे सरकून शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांना आणि सार्वजनिक हिशोबांना नावं ठेवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

साहित्य: एक फोन किंवा लॅपटॉप, दुसऱ्याने काढलेला एक आलेख, तो मोठा करून बघायला दोन बोटं, आणि भरपूर रिकामा वेळ. पदवी असली तरी चालेल.

नावं ठेवायची तर आधी ताट समोर यायला हवं. विज्ञानात ते बरीच वर्षं येत नव्हतं. निबंध संपादकाकडे जायचा, तिथून दोन-तीन परीक्षकांकडे. परीक्षकांची नावं गुप्त, त्यांची कुरकुर संपादकाच्या खणात. छापून आल्यावर तुम्हाला शंका आली तर संपादकाला पत्र लिहायचं आणि वाट बघायची. 1991 मध्ये पॉल गिन्स्पार्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये एक सोय केली. निबंध छापायला जाण्याआधीच सगळ्यांना वाचायला ठेवायचा, फुकट. तीच आजची ‘आर्काइव्ह’. स्वयंपाकघराचं दार उघडं राहू लागलं आणि पाहुणे थेट कढईत डोकावू लागले.

पहिला धडा: सगळे बघतात तिथे बघू नका

हा धडा सोदाहरण शिकावा लागतो, म्हणून जरा थांबू.

जुलै 2018 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देवकुमार थापा आणि अंशु पांडे यांनी आर्काइव्हवर एक निबंध ठेवला. सोन्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले, आणि तो पदार्थ 236 केल्विनला, म्हणजे उणे 37 अंश सेल्सिअसला, अतिवाहक झाला असं त्यांचं म्हणणं होतं. अतिवाहक म्हणजे वीज जाताना विरोध शून्य. नेहमीच्या हवेच्या दाबाला हे साधायचं तर पदार्थ उणे शंभराच्याही बराच खाली न्यावा लागतो, त्यामुळे उणे 37 म्हणजे जवळजवळ घरातलंच तापमान. खरं निघालं असतं तर नोबेल दारात उभं होतं.

साहजिकच सगळ्यांनी आलेखातली ती धाडकन खाली उतरणारी रेघ बघितली. एमआयटीत काम करणाऱ्या ब्रायन स्किनरने मात्र रेघेच्या कडेची थरथर बघितली. कुठल्याही मोजमापात ही थरथर असतेच. उपकरण, तारा, खोली, सगळ्यांची मिळून ती होते आणि तिला शास्त्रज्ञ गोंगाट म्हणतात. पत्र्यावर पाऊस पडतो तसा तो असतो. आजची सर कालच्यासारखी वाटेल, पण एकेका थेंबाचा ठेका तोच पडणार नाही. या आलेखात वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या मोजमापांचे रंगीत ठिपके होते. हिरव्या ठिपक्यांची जी थरथर, तीच निळ्यांची. इथे वर, तिथे खाली, पुन्हा जरा वर, सगळं जसंच्या तसं, फक्त थोडं खाली सरकवलेलं. दोन वेगळ्या दिवशी पत्र्याने पावसाचा एकच ठेका धरला होता.

नवशिक्याने इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. यासाठी स्किनरला प्रयोगशाळा लागली नाही. सोनं नाही, चांदीही नाही. आलेख सगळ्यांसाठी उघडा होता आणि त्याने तो मोठा करून बघितला.

दुसरा धडा: तोंड कसं उघडावं

आपल्याकडे बहुतेक उमेदवार याच पायरीवर नापास होतात. सवयीची तीन वाक्यं आधी जिभेवरून पुसून टाका: ‘वाटलंच होतं’, ‘यांचं हे नेहमीचंच’ आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’. स्किनरने यातलं काहीही लिहिलं नाही. चोरी, बनाव असले शब्द वापरले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याने त्याच आर्काइव्हवर एक छोटं टिपण ठेवलं. अमुक क्रमांकाच्या निबंधात गोंगाटाचा नमुना पुन्हा आला आहे, एवढंच त्याचं शीर्षक. ट्विटरवरही तेच सांगितलं. आलेख जोडला, ठिपक्यांकडे बोट दाखवलं आणि तो बाजूला झाला. पटत नसेल तर ज्याने त्याने स्वतः बघावं.

मग इतर जमले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रताप रायचौधुरी फेसबुकवर लिहीत होते. त्यांनी एक भाबडा वाटेल असा, पण विचार करण्याजोगा मुद्दा मांडला: हा कदाचित गोंगाटच नसेल, चुंबकीय क्षेत्रात कण हलल्याने तसं दिसत असेल. नावं ठेवताना समोरच्याला सुटायची वाटही सुचवायची, हे प्रगत पातळीचं कौशल्य आहे. पंगतीत ते आढळत नाही. (‘जिलबी कालची असेल, पण आचाऱ्याची आई आजारी आहे’ असं मी तरी कोणाला म्हणताना ऐकलेलं नाही.)

काय करू नये, याचाही नमुना याच प्रकरणात सापडतो. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांच्या नावाने रायचौधुरींना ईमेल आली. ती रामकृष्णन यांनी पाठवलेलीच नव्हती. कुणी पाठवली असेल ते असो. मोठ्यांचं नाव पुढे करून धाकट्याला गप्प करायची रीत आपल्याला नवी नाही. पूर्वी असं पत्र आलं की माणूस ते खिशात घालून मुकाट बसे. रायचौधुरींनी ही गोष्टही फेसबुकवर सगळ्यांसमोर मांडली.

पुढे काय झालं? लेखकांनी निबंध मागे घेतला नाही. 2019 मध्ये आणखी सहलेखक आणि आणखी मोजमापं घेऊन त्याची वाढीव आवृत्ती आली. शास्त्रज्ञांनी हा दावा मान्य केलेला नाही. गोष्टीत ना खलनायक पकडला गेला, ना शेवटच्या भागात सत्कार झाला. मालिका बघायची सवय असलेल्या नवशिक्याला हे पचायला जड जातं. पण नावं ठेवणाऱ्याचं काम ठिपके दाखवण्यापुरतंच असतं. निकाल देण्याचा मोह आवरा.

तिसरा धडा: आधी थोडा अभ्यास

2023 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून ‘एलके-99’ नावाच्या अतिवाहकाचा डांगोरा पिटला गेला. हा तर म्हणे खरोखरच घरातल्या तापमानाला चालणारा. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो शिजवायला घेतला. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही. रसायनतज्ज्ञ प्रशांत जैन यांना त्या निबंधातला एक आकडा ओळखीचा वाटला. विरोध अचानक घसरत होता तो सुमारे 104 अंश सेल्सिअसला, आणि त्याच तापमानाला तांब्याचं एक सल्फाइड आपलं रूप बदलतं. त्या कोरियन पदार्थात ते सल्फाइड अशुद्धी म्हणून उतरलेलं होतं. काही आठवड्यांत सगळं शांत झालं. दाण्यांना खवट वास आहे हे सांगायला खवट दाणे आधी कधी खाल्लेले असावे लागतात.

अभ्यास नसेल तर चिकाटी चालते. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये छापलेल्या एका पाहणीसाठी 20,621 शोधनिबंधांतली चित्रं डोळ्यांखालून घातली. तीच पट्टी दुसऱ्या नावाने, तोच पेशींचा फोटो उलटा करून, असं काही निघतंय का ते बघायला. शंभरातल्या जवळजवळ चार निबंधांत काहीतरी गडबड सापडली. 2012 पासून पबपीअर या संकेतस्थळावर कुणीही, हवं तर नाव न सांगता, कुठल्याही छापील निबंधाखाली असा आक्षेप नोंदवू शकतो. बिनानावाची नावं ठेवणं मला अजून पचनी पडलेलं नाही. पण आपल्याच गाइडच्या निबंधात खोट सापडलेल्या पीएचडीच्या मुलीने दुसरं काय करावं, याचं उत्तरही मला सापडलेलं नाही.

चौथा धडा: मागे घेणं

31 जानेवारी 2020 रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी जीवशास्त्राच्या आर्काइव्हवर निबंध टाकला. नव्या करोना विषाणूच्या काट्यांत एचआयव्हीशी जुळणारे चार तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. खाली टिप्पण्यांचा पाऊस पडला. तुकडे इतके छोटे आहेत, की असे जुळणारे तुकडे असंख्य जिवांत सापडतील, हे लोकांनी शोधून दाखवलं. 2 फेब्रुवारीला लेखकांनी आपण होऊन निबंध मागे घेतला. चूक मान्य करायला आपल्या घरात तीन पिढ्या लागतात, हे ध्यानात घेतलं तर दोन दिवस म्हणजे विक्रमच.

तोटाही सांगायला हवा. निबंध मागे घेतला गेला, पण त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायचा थांबला नाही. ‘मागे घेतला’ हा शिक्का कधी फॉरवर्ड होत नाही.

पाचवा धडा: सरकार आणि सोसायटी

सरकारबद्दल थोडक्यात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं, की सरकारी कार्यालयांनी माहिती कुणी मागायच्या आधीच उघड करावी. कार्यालयं ती करतातही. कागद तिरका ठेवून स्कॅन करतात, म्हणजे उघडही होते आणि वाचताही येत नाही. याउलट करोनाच्या काळात स्वयंसेवकांच्या एका गटाने राज्याराज्यांची पत्रकं आणि सरकारी ट्वीट गोळा करून आकडे उघड्या तक्त्यांत मांडले. कुणीही ते उचलावेत, पडताळावेत, चुकले तर सांगावं. ते कोविड19इंडिया संकेतस्थळ ऑक्टोबर 2021 च्या अखेरपर्यंत चाललं, आणि वर्तमानपत्रांपासून संशोधकांपर्यंत अनेकांनी त्यावरच आपले आलेख काढले.

सोसायटीबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे मी खजिनदार आहे.

आमचा हिशोब पूर्वी वार्षिक सभेत मिळायचा. झेरॉक्स हातात येई, पाठोपाठ बटाटेवडे येत, आणि झेरॉक्सचा उपयोग वड्याचं तेल टिपायला होई. यंदा वरचे धडे लिहिताना मला उघडेपणाचा झटका आला. सगळा हिशोब ऑनलाइन तक्त्यात भरला, ज्याला हवी त्याला शेजारी टिप्पणी लिहिता येईल अशी सोय केली आणि लिंक ग्रुपवर टाकली. अंगठे आले, हात जोडलेले आले, कुणीतरी फुलांचा गुच्छही धाडला. तक्ता कुणीही उघडला नाही, याची मला खात्री होती.

रात्री साडेदहाला पहिली टिप्पणी आली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची, बँकेतून रिटायर झालेल्या. ‘पाण्याचा टँकर: मार्च 18,640, एप्रिल 18,640. टँकरवाला इतका नेमका कधीपासून झाला?’

मी मार्चचा आकडा एप्रिलच्या रकान्यात चिकटवून ठेवला होता. बिल सापडलं की बदलू, म्हणून. बिल सापडलं, 21,310 चं. मी ते भागवलं आणि तक्ता बदलायला विसरलो. मग ताळा जमेना, म्हणून मधले 2,670 ‘किरकोळ’ या सदरात घातले. हिरवे ठिपके, निळे ठिपके. यातलं सगळं मला ठाऊक होतं, वर हा लेखही अर्धा लिहून झाला होता.

पहिला विचार आला तो टिप्पणी उडवून टाकायचा. दुसरा आला, पाचव्या मजल्यावरच्या अण्णांच्या नावाने काकूंना एक समजुतीचा मेसेज जावा. अण्णांचा शब्द इमारतीत कुणी मोडत नाही. हा दुसरा विचार पुरती दहा मिनिटं टिकला, हे इथे नमूद करतो. शेवटी बिलाचा फोटो काढून जोडला, एप्रिलचा आकडा बदलला, ‘किरकोळ’मधले 2,670 वजा केले आणि काय घडलं ते तीन ओळींत लिहिलं.

काकूंनी ‘ठीक’ म्हणून टिप्पणी बंद केली. पावणेबाराला फोन पुन्हा वाजला. जानेवारीच्या रांगेत, ‘किरकोळ’च्या शेजारी, दोनच शब्द होते: ‘आणि हे?’