दाताचा स्वतःचा दवाखाना : लाभ व मार्गदर्शन

चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि १९४८ सालच्या कायद्यापासून चालत आलेली नोंदणी एवढं पार पडलं की दुसऱ्याच्या तोंडात हात घालण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्यांना आपल्या कारभारात तोंड घालण्याचा अधिकार त्याच दिवशी मिळतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. कल्याण-ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यांत टक्केवारीवर राबणाऱ्या आणि कर्जत-खोपोलीकडे स्वतःची पाटी लावू पाहणाऱ्या तरुण दंतवैद्यांसाठी पुढील लाभ क्रमवार देत आहे.

लाभ पहिला. आपण आपले मालक, वेळ आपली. म्हणजे असं, की संध्याकाळची कर्जत लोकल फलाटाला लागली की पाठीला सॅक लावलेले चार-पाच जण एकदमच दारात उभे राहतात. ते अंधारात मुंबईला गेलेले असतात, शंभर किलोमीटर लोंबकळत परतलेले असतात आणि त्यांना जेवणाच्या आत मोकळं व्हायचं असतं. खोपोलीच्या पेशंटची तऱ्हा निराळी. त्या एकेरी मार्गावरची गाडी चुकली की बराच वेळ बाकावर बसावं लागतं, म्हणून भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तो दाढेपेक्षा घड्याळाची काळजी जास्त करतो. तेव्हा भिंतीवर दातांच्या चित्राऐवजी लोकलचं वेळापत्रक लावावं. चित्र कुणी बघत नाही.

पोटनियम : खालच्या दाढेची भूल दोन-तीन तास टिकते. तेवढ्यात पेशंट स्टेशनावर पोहोचतो, दिवाडकरांचा गरम वडा घेतो आणि वड्याबरोबर स्वतःचा बधिर ओठही चावतो. वडा निर्दोष आहे. ‘काढली दाढ आणि सुजला ओठ’ ही तक्रार मात्र दुसऱ्या दिवशी मालकाकडेच येते.

लाभ दुसरा. जागा आपल्या पसंतीची. तळमजला घ्या. पुढे काही विचारू नका.

लाभ तिसरा. यंत्रं आपली. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून १९१५ सालापासून मुंबईला वीज जाते आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. अभिमान असावाच, फक्त तो इन्व्हर्टरसह असावा. मृगाचा पहिला शिंतोडा पडतो, तुमचा हात कुणाच्यातरी अर्ध्या कोरलेल्या दाढेत असतो आणि दिवे जातात. यंत्र विकणारा सांगणार नाही ते सांगतो : साधा घरगुती इन्व्हर्टर दिवा पेलतो, कॉम्प्रेसर पेलत नाही. म्हणून हवेची टाकी मोठी घ्यावी. वीज गेल्यावर आत साठलेल्या हवेवर हातातलं काम उरकतं. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते रोज संध्याकाळी सोडावं. नाहीतर हवेऐवजी गंजाचं पाणी पेशंटच्या तोंडात फवारलं जातं आणि पेशंटला वाटतं, हे औषधच आहे. बोअरचं पाणी यंत्रात घालू नये, क्षार साचून नळ्या बुजतात. तोंडातला कॅमेराही सुरुवातीला घेऊ नये. मशेरीने काळे झालेले दात पडद्यावर पाहून आजी म्हणतात, “हे माझे नव्हं.” पुढे बोलणं खुंटतं.

लाभ चौथा : पेशंट. इथे मार्गदर्शकाचा आव थोडा बाजूला ठेवतो. वाड्यांवरून येणाऱ्या बायकांचे दात मशेरीने झिजलेले असतात, पण धीर शाबूत असतो. आषाढात लावणी सुरू झाली की त्या येत नाहीत. गाल सुजला तरी चिखलात उभ्या राहतात आणि दाढेत तंबाखूची चिमूट दाबतात. लवंग दाबली तर मी बोलत नाही, लवंगेतलं युजेनॉल आम्हीही सिमेंटात कालवतो आणि दवाखान्याला वास येतो तो त्याचाच. पण वेदनाशामक गोळी हिरडीशी धरून ठेवणं वाईट. गोळी पोटात घ्यायची असते, हिरडीला लावली तर हिरडी भाजते. अमावास्येला दात काढायला कुणी येत नाही, त्या दिवशी हिशेब लिहावेत. वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज तर कुठलंही पुस्तक उघडून मिटत नाही. “डाक्टर, दात काढ, पन डोला नको घालवू,” असं एक आजी म्हणाल्या. दाढ काढल्यावर त्यांना खिडकीतून माथेरानचा डोंगर दाखवला. “दिसतोय,” म्हणाल्या, आणि मगच कापसाचा बोळा चावला.

लाभ पाचवा. रविवारचं फार्महाऊस गिऱ्हाईक. त्याची कॅप चिक्कीला चिकटून निघालेली असते. ती तात्पुरती बसवून हवी असते, कारण खरं काम ‘आमचे बांद्र्याचे डॉक्टर’ करणार असतात. हत्यारं निर्जंतुक आहेत का, असं तो विचारतो. त्याला ऑटोक्लेव्ह दाखवावा : १२१ अंश, पंधरा पौंड दाब, किमान पंधरा मिनिटं. कुणी विचारलं नाही तरी एवढं करायचंच असतं, पण विचारलं की बरं वाटतं.

लाभ सहावा, आणि या लेखाचं खरं कारण : ओळख. स्वतःच्या दवाखान्यामुळे तालुकाभर ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाला फी नसते असा तालुक्याचा ठराव आहे. हा माणूस दवाखान्यात कधीच येत नाही. तो हळदीला गाठतो, बँकेच्या रांगेत गाठतो, दहाव्याला नदीवर गाठतो आणि “जरा बघता का?” म्हणून पानाने रंगलेलं तोंड उघडतो. उजेडासाठी मोबाईल स्वतःचाच काढतो, तेवढी सोय करतो. “किडलीय, या उद्या,” म्हटलं की म्हणतो, “येतो की, घरचंच आहे.” तो उद्या अजून उगवलेला नाही. वर्षाने दाढ पिकते आणि तो पनवेलला जाऊन रोख पैसे मोजून काढून घेतो. वर आपल्यालाच सांगतो, “तिकडचा डॉक्टर छान आहे हो.”

लाभ सातवा : उत्पन्न. यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल, छोटा. मात्र पैसे नसलेली बाई पाऊस लागायच्या सुमाराला शेवळांची जुडी ठेवून जाते. घसा खाजू नये म्हणून सोबत मोजून काकडंही देते. ओळखीच्या माणसाने आजवर काकडं दिलेली नाहीत.

तेव्हा खुशाल पाटी लावा. आणि वाचकहो, तुमचा गाल सुजला असेल तर बाहेरून शेक देऊ नका, पू बाहेरच्या बाजूला ओढला जातो. उद्या नको, आजच या. ओळखीचे असाल तर पाकीट घेऊन या.