टंचाई हेच खत

संशोधन संस्थांत सर्जनशीलता वाढायला निधी, स्वातंत्र्य आणि निवांत वेळ लागतो, हा गैरसमज सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याने केव्हाच खोडून काढला आहे. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, तरी इथे डाळिंब आणि द्राक्षे पिकतात. म्हणजे टंचाई हेच उत्तम खत. हे ओळखूनच देशाने संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्याखाली ठेवला आहे. टंचाईमुळे माणसे सोडून जातात, असा आक्षेप कोणी घेईल. पण बाहेरची वाट शोधणे हीसुद्धा प्रतिभाच. शिवाय 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर दावा सांगताच विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली धावू लागल्या. तेव्हा प्रयोगशाळांनी अनुदानाचे अर्ज थांबवावेत आणि शेजारच्या राज्यात सामील होण्याचा ठराव तेवढा करावा.