वाटमोडे

नवख्यांची वाट चुकते. वाटमोडे ती मुद्दाम टाकतात. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपात असा एक गृहस्थ सापडतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी इंजिनिअरची नाहीतर बँकेतली, गुडघ्याला पट्टा आणि तोंडात ‘हरिश्चंद्रगडावर हल्ली जत्रा भरते हो’ हे पालुपद. तरुणपणी त्यांनी नळीची वाट केली. मग हरीश कापडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ पाठ केलं. मग त्या पुस्तकात नसलेल्या घाटवाटा हुडकायला लागले. गावकरी ज्या नाळेकडे बोट दाखवून ‘तिकडं नका जाऊ’ म्हणत, तिकडे हमखास जात. पुढे कारवीत अंगाची सालटी काढून घेण्यातही राम उरला नाही, तेव्हा हिमालयाची पाळी आली.

तिथेही हामटा पासचं नाव काढलं की चेहरा आंबट होतो. ‘तंबूंची कॉलनी आहे तिथे! आपण वाट नसलेल्या बाजूने जाऊ.’ आपण म्हणजे कोण, हे तेच बैठकीत ठरवतात. आणि बैठकीला बटाटेवडे असल्यामुळे लोक जातातही.

एरवी हा माणूस कमालीचा सरळमार्गी. बहुधा सोसायटीचा सेक्रेटरी. पार्किंगच्या पिवळ्या रेषेवर कुणाचं चाक आलं तर नोटीस काढणार, रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकातही सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबणार. त्यामुळे वाट सोडायची ती देखील रीतसर. एक्सेलची फाईल, अकरा पानं. रोजची चढाई मीटरमध्ये, माणशी रोजचा शिधा ६५० ग्रॅम, राखीव दिवस दोन. त्यांची दैवतं एरिक शिप्टन आणि बिल टिलमन. या जोडगोळीने १९३४ साली तीन शेर्पांना बरोबर घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात प्रवेश मिळवला. मोहिमेचा बेत लिफाफ्याच्या पाठीवर मावला पाहिजे, असं शिप्टनचं मत सांगितलं जातं. वाटमोडे ते अकराव्या पानाच्या तळाशी देतात.

त्याच वर्षी बद्रीनाथ-केदारनाथच्या मधली धार ओलांडताना या दोघांचा शिधा आटत गेला आणि त्यांना बांबूच्या कोंबांवर दिवस काढावे लागले, ही गोष्ट वाटमोडे घोगऱ्या आवाजात सांगतात. वहिनी आतून म्हणतात, ‘वास्तेच ना? पावसाळ्यात स्टेशनबाहेर वाटे लावून विकतात. मागे आणले होते तर हात लावला नव्हतात!’

खरी करमणूक हवी असेल तर निघण्याच्या आधीच्या रविवारी त्यांच्या हॉलमध्ये जावं. सतरंजीवर सगळ्यांचं सामान, मधोमध स्वयंपाकघरातला वजनकाटा. टूथब्रशचा अर्धा दांडा कापलेला, कपड्यांची लेबलं उसवलेली, टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळीसुद्धा काढून टाकलेली. कुणाच्या पिशवीतून डिओ निघाला तर तो जागच्या जागी जप्त. एका पोराने आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी दाखवली, तर तिचंही वजन झालं. काटा हलला नाही म्हणून पास. गूळपापडी, मेतकूट, सातूचं पीठ आणि सुक्या खोबऱ्याची चटणी ग्रॅमावर मोजून पुड्यांत बांधली जाते. आणि एवढं झाल्यावर वाटमोडे शांतपणे आत जाऊन दीड लिटरचा प्रेशर कुकर घेऊन येतात.

हॉलमध्ये कुणी बोलत नाही. मग एक जण धीर करून विचारतो, ‘काका, ह्याचं वजन?’

‘त्याचा हिशेब वेगळा आहे.’ हिशेब असा: साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात डाळ शिजत नाही. कच्च्या डाळीने पोट बिघडतं, पोट बिघडलं की दिवस फुकट जातो, आणि दिवस म्हणजे माणशी ६५० ग्रॅम. तेव्हा कुकर नेल्याने वजन वाचतं. यातला एकही मुद्दा खोडता येत नाही, हीच पंचाईत. कुकर ग्रुपातल्या सगळ्यात लहान पोराच्या सॅकमध्ये जातो.

निघताना ते वहिनींच्या हातात एक बंद पाकीट देतात: आत मार्ग, मुक्काम, तारखा; अमुक दिवसापर्यंत फोन आला नाही तरच उघडावे. ही पद्धत मात्र शहाणपणाची आहे, उगाच कशाला हसा? त्या खोऱ्यांत मोबाईलला रेंज नसते, आणि सॅटेलाईट फोन आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. वहिनी गाडी कल्याण सोडायच्या आत पाकीट फोडतात, कारण मागच्या खेपेला त्यात विजेचं बिल गेलं होतं.

यंदा बेत बडा भंगालचा. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातला, धौलाधार आणि पीरपंजालच्या बेचक्यातला हा मुलूख. रावी इथेच उगम पावते. गाडीरस्ता गावापर्यंत पोचलेला नाही आणि थंडीत बहुतेक गाव बीरला उतरतं. मनालीहून कालीहाणी जोत चढून बडा भंगालला यायचं, मग थमसर जोत ओलांडून बीरला उतरायचं, ही ठरलेली वाट. जोत म्हणजे खिंड. ठरलेली म्हटल्यावर वाटमोड्यांनी ती बाद केली आणि नकाशावर कालीहाणीच्या बाजूला एक बिननावाची खाच शोधली. नकाशावर ती फार गोड दिसते. पण समोच्चरेषा ४० मीटरच्या अंतराने काढलेल्या असल्या की ३० मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सुखाने लपून बसतो.

वर घसारा. दोन पावलं चढावं, एक घसरावं. मग कपाटाएवढ्या धोंड्यांचं मोरेन, त्यातला कुठला धोंडा डुगडुगतो हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. फाईलमध्ये दिवसाला आठ किलोमीटर आहेत. जेमतेम तीन होतात आणि राखीव दिवस दुसऱ्याच संध्याकाळी संपतात. ओढे हिमनदीचे. पहाटे घोट्याएवढं पाणी, दुपारी बर्फ वितळला की तेच मांडीला लागतं. म्हणून चारला उठायचं. उठवायला गजर नको. त्या निर्मनुष्य खोऱ्यात कुकरची शिट्टी होते.

हिरवळ लागली की नवाच ताप. ‘रांगेत चालू नका! पसरा! वाट पडेल!’ इतक्या उंचीवर तुडवलेलं गवत भरून यायला वर्षं लागतात, हे खरं. पण त्यामुळे सगळे पंधरा-पंधरा फुटांवरून, हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखे, माना खाली घालून चालतात. अशा वेळी शे-दीडशे मेंढ्या, दोन कुत्रे आणि त्यांच्यामागून एक गद्दी मेंढपाळ येतो. अंगात लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या दोराचे वेढेच वेढे, छातीशी चोळ्याच्या घडीतून नुकतं जन्मलेलं कोकरू डोकावतंय. सप्टेंबरात हे लोक लाहौलकडून परत फिरतात.

तो थांबतो. ‘रास्ता तो उधर है जी.’

‘रास्ता नहीं मांगता,’ वाटमोडे सांगतात.

‘गुम गया?’

‘गुम्या नहीं. हमने छोडा.’

गद्दी त्यांच्या पाठीवरच्या सॅककडे बघतो, गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘घर में झगडा हुआ?’

एवढ्यावर थांबता तर बरं. तो मागे वळून त्या बिननावाच्या खाचेकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की मेंढ्यांना उजवी बाजू बरी पडते, माणसांनी डावीकडून जावं. उजवीकडून जायचं हे वाटमोड्यांनी सहा महिन्यांपूर्वी ठरवलेलं. ते उजवीकडूनच जातात. वर, खिंडीत, दगडांच्या चळतीत गंजलेलं त्रिशूळ, लाल चिंध्या आणि विड्यांचं रिकामं बंडल. वाटमोडे बराच वेळ त्या बंडलाकडे बघत उभे राहतात. मग ते उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकतात आणि वहीत नोंद करतात: १ ग्रॅम.

डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये स्लाईड शो. खिंडीचं नाव सांगत नाहीत, ‘नाहीतर पुढच्या वर्षी तिथे मॅगीची टपरी येईल.’ फोटोत त्रिशूळही नाही. सगळं छान चाललेलं असतं. मग तिसऱ्या रांगेतून कानटोपी घातलेले एक आजोबा काठी वर करतात. ‘ही कालीहाणीच्या बाजूची ना? आम्ही ब्याऐंशी साली इकडून बकऱ्यांबरोबर उतरलो होतो.’

‘शक्य आहे,’ वाटमोडे म्हणतात. ‘कुठल्या बाजूने उतरलात?’

‘डावीकडून.’

‘हां!’ वाटमोडे माईक जवळ ओढतात. ‘डावीकडून वाट आहे.’